मेश्राम साहेबांची आरसा समिती

मेश्राम साहेब कुणाच्याही घरी गेले की आधी दार बघायचे, मग माणूस. खिशात टेप असायची. ती दाराला लावायची, आकडा तोंडातल्या तोंडात म्हणायचा आणि मग मान वर करून "जय भीम, पवारजी." पवार म्हणजे मी. साहेब भूमापन खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले. मूळचे भंडाऱ्याकडचे. सारी नोकरी लोकांच्या जमिनी मोजण्यात गेली, त्यामुळे मोजल्याशिवाय एखादी गोष्ट जगात आहे यावर त्यांचा विश्वासच बसायचा नाही. येरवड्याला आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्याला आणि मी तिसऱ्याला. मी ट्रकवर होतो, शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे पहिली दोन वर्षं आमचं बोलणं जिन्यातल्या जय भीमपुरतं.

माझी बायको शांता गेली त्या दिवशी ते माझ्याशी पहिल्यांदा चार वाक्यं बोलले. आमची लिफ्ट कपाटाएवढी आहे, तिच्यात आडवा माणूस मावत नाही. तिरडी वर बांधायची की खाली, यावर पाहुण्यांचं चाललं होतं. मी भिंतीला टेकून बसलेलो. साहेब त्या वेळी जिन्यात वाकून टेप लावत होते, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, कठड्यापासून भिंतीपर्यंत. माझा मेव्हणा चिडला, म्हणाला हा कोण येडा. साहेब वर आले, माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळू म्हणाले, "पवारजी, तिरडी सव्वासहा फुटांच्या वर नका जाऊ देऊ. पायांची बाजू पुढं ठेवा आणि वळणावर कठड्याच्या वरून घ्या. ताईंना कुठं तिरपं करावं लागणार नाही."

तसंच केलं. शांताला कुठंही तिरपी करावी लागली नाही. लोकांनी पुढे महिनाभर मला धीर दिला, त्याचं काय झालं आठवत नाही. सव्वासहा फूट मात्र कामाला आले.

त्यानंतर वर्षभरानं साहेबांनी डबा आणला. डबा हे नाव बिल्डिंगमधल्या लोकांनी ठेवलं. ती चाकांवरची खोली होती. आत पलंग, शेगडी, हात धुवायचं बेसिन, आणि कोपऱ्यात कमोड. मोटारीच्या मागे अडकवायची आणि ओढत न्यायची. खराडीतल्या एका कंप्युटरवाल्या पोरानं हौसेनं बनवून घेतली होती. एकदा लोणावळ्याला जाऊन आला आणि विकायला काढली. साहेबांनी ती घेतली आणि पार्किंगमध्ये आपल्या डिझेलच्या गाडीमागे आणून लावली. सगळी बिल्डिंग बघायला जमली. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका म्हणाले, फ्लॅट कमी पडला का. साहेब म्हणाले, फ्लॅट हलत नाही ना जी.

डबा घेतला तो त्यांच्या बायकोसाठी, विमलवहिनींसाठी. नोकरीत असताना साहेब वर्षातले सहा-सहा महिने मोजणीच्या कॅम्पवर असायचे, तंबूत. तिथून पत्रं यायची. चांदणं असं, नदी तशी, मोहाची झाडं अशी. इकडे वहिनी दोन पोरं घेऊन सरकारी क्वार्टरमध्ये. पोरांचे ताप, नळाचं पाणी, सगळं एकटीनं. तेव्हाच त्यांनी साहेबांना बजावून ठेवलं होतं, की रिटायर व्हाल तेव्हा मला एक कॅम्प दाखवायचा, बाकी मला काही नको. साहेबांनी शब्द दिला. पण रिटायर झाल्यावर पोरांची लग्नं आली, फ्लॅट आला, आणि तोवर वहिनींचे दोन्ही गुडघे गेले. हृदयामुळे ऑपरेशन नको म्हणून डॉक्टरनं सांगितलं. जमिनीवर बसणं बंद, झोपणं बंद. म्हणून डबा. डब्याला दोन पायऱ्या होत्या. दांडा धरून वहिनी त्या चढायच्या. आज चढत होत्या, पुढच्या वर्षी चढतील की नाही हे कुणी सांगत नव्हतं. घाई होती ती एवढीच.

आणि साहेब आरशावर अडून बसले.

अडचण खरी होती. डबा गाडीपेक्षा रुंद, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट बाहेर. गाडीच्या आपल्या आरशात बघितलं तर डब्याचीच भिंत दिसायची. मागून कोण येतंय, काही कळायला मार्ग नाही. त्याला लांब दांड्याचे आरसे लागतात, डब्याच्या भिंतीच्या बाहेर जातील असे. ट्रकवाल्याला हे शिकवायला लागत नाही. मी म्हणालो, साहेब, तुम्ही सीटवर बसा, मी आरसा हातात धरून उभा राहतो, अर्ध्या तासात ठरवू.

साहेब म्हणाले, "असं कसं? प्रक्रिया आहे."

त्यांनी आरसा निवड समिती केली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य-सचिव वहिनी. तज्ज्ञ सदस्य मी. दर मंगळवारी चार वाजता त्यांच्या हॉलमध्ये सभा. मला पत्र यायचं. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर, बंद पाकिटात, आणि ते आणून द्यायला साहेब स्वतः यायचे. मी पाकीट घ्यायचो, ते पोचेवर माझी सही घ्यायचे, आणि मग आम्ही दोघं बरोबरच खाली सभेला जायचो.

पहिल्या सभेत मी माझं म्हणणं परत सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं: तज्ज्ञ सदस्यांनी तोंडी मत मांडले, नोंद घेण्यात आली. मला बरं वाटलं. चहा देताना वहिनी म्हणाल्या, "भाऊ, खूश नका होऊ. नोंद घेतली म्हणजे ते करायचं नाही असा अर्थ आहे."

तीन नमुने बघितल्याशिवाय निवड करायची नाही असा ठराव झाला. पहिला नमुना साहेबांनी फोनवरून मागवला. गाडीच्या आरशावर पट्ट्यानं बांधायचा, वर आणखी एक आरसा. तो आला तेव्हा कळलं की ज्या देशात ड्रायव्हर डावीकडे बसतो तिथला आहे. उजवीकडचा बांधला तर आभाळ दाखवायचा. साहेब सीटवर बसून एकटक बघत होते. मी विचारलं काय दिसतं. म्हणाले, विमान. उतरतंय. मी म्हणालो, काढून टाका. त्यांनी आधी लिहिलं: मागील वाहतूक दिसत नाही, हवाई वाहतूक स्पष्ट दिसते.

दुसरा नमुना फुगीर काचेचा, मोठ्या बिल्डिंगच्या तळघरात वळणावर लावतात तसा, परातीएवढा. त्यात सगळं दिसायचं. डबा, रस्ता, रिक्षावाले, समोरची इस्त्री, सगळं एकदम. साहेब हरखले. मी म्हणालो, फुगीर काचेत मागचा ट्रक मुंगीएवढा दिसतो. तुम्ही मुंगी समजून गाडी बाहेर काढता आणि तो ट्रक असतो. सपाट काचेत जेवढा आहे तेवढा दिसतो. पाहिजे तर सपाट काच घ्या आणि खालच्या कोपऱ्यात फुगीर काचेची एक टिकली चिकटवा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग नोंद घेतली.

तिसऱ्या नमुन्यासाठी आम्ही नाना पेठेत गेलो, ट्रकची सपाट काच घेतली. तिच्यासाठी दांडा मात्र साहेबांनी स्वतः कागदावर काढला. डब्याची रुंदी, अधिक सुरक्षित अंतर, अधिक डबा हेलकावला तर त्याचं अंतर, अधिक मोजणीतल्या चुकीची सूट. चूक कुणाची, असं मी विचारलं. म्हणाले, चूक नाहीच, पण सूट ठेवावी लागते. वेल्डरनं कागद बघितला, साहेबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली. त्यानं दांडे जोडून दिले, पक्के. काच तेवढी फिरायची, दांडा हलायची सोयच नाही.

पार्किंगमध्ये उभ्या गाडीला ते दोन आरसे असे दिसायचे की कुणीतरी हात पसरून अडवतंय. दुसऱ्या दिवसापासून लोक त्यात भांग पाडायला लागले. शाळेत जायच्या आधी बाया पोरींच्या वेण्या तिथंच घालायच्या, कारण उजेड चांगला. इस्त्रीवाला एका दांड्यावर कपडे अडकवून वरच्या मजल्यांवर द्यायला जायचा. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीकडे तक्रार केली की आरशातून त्यांचं स्वयंपाकघर दिसतं. सेक्रेटरी बघायला आले, त्यांनी आरशात बघितलं आणि म्हणाले, दिसतं खरं, फोडणी करपली आहे.

साहेबांनी काचेखाली पाटी लावली. ती मला पाठ आहे. "सदर आरसे वाहतुकीच्या कामासाठी आहेत. भांग पाडण्यास हरकत नाही. भांग पाडून झाल्यावर आरसा खुणेवर परत आणून ठेवावा. हुकुमावरून." खुणेसाठी त्यांनी दांड्यावर लाल रंगाची रेघ मारली होती. लोक खरंच परत खुणेवर आणून ठेवायचे. पुण्यात मी एवढी शिस्त दुसरीकडे बघितली नाही.

मग जायचं ठरलं. वहिनींनी दोन दिवस खपून डब्यात सामान लावलं. भाजणी, लसूण चटणी, दोन चादरी, औषधं. रविवारी सकाळी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसले. वहिनी शेजारी. मी पुढं चालत इशारा करत होतो. फाटकापाशी आल्यावर माझा हात वरच राहिला. आरसे फाटकापेक्षा रुंद होते, तीन-चार इंचांनी.

साहेब उतरले. एक दांडा या खांबाला, दुसरा त्या खांबाला जवळजवळ टेकलेला. सगळा जिल्हा मोजलेला माणूस. मी म्हणालो, साहेब, सगळं मोजलंत, फाटक कसं राहिलं? ते खांबाकडे बघत म्हणाले, "ते सोसायटीच्या हद्दीत येतं ना, पवारजी. माझ्या हद्दीपर्यंतचं मोजलं मी."

वर गॅलऱ्या भरलेल्या. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, आता फाटकासाठी वेगळी समिती करा. वहिनी उतरल्या, डब्यातून चटणीची बरणी काढली आणि काठी टेकत घरात गेल्या. साहेबांनी चावी माझ्या हातात दिली, डबा मागे मीच घेतला.

त्या मंगळवारची सभा झाली. मला वाटलं होतं वहिनी येणार नाहीत. आल्या, चहाही केला. मग त्यांनी एक कागद पुढं केला. सभासदाला ठराव मान्य नसेल तर तसं लिहून देता येतं, हे साहेबांनीच त्यांना शिकवलेलं. साहेबांनी कागद मोठ्यानं वाचला, कारण वाचणं भाग होतं. "मी सर्व सभांना हजर होते. आरसा कोणताही घ्या. पायरी मी आज दोन हातांनी चढते, दिवाळीत एका हातानं चढत होते. मला वाटतं तुम्हाला मला न्यायचं नाही. विमल मेश्राम, सदस्य-सचिव."

साहेबांनी कागद घडी करून फाईलला लावला. नोंद घेतली, असं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दांडे खोलून त्याच वेल्डरकडे नेले. कोणाला विचारलं नाही. दांडा आखूड केला, मध्ये बिजागरी घातली म्हणजे गल्लीत आरसा आत वळवता येतो, आणि खालून एक टेकू दिला, कारण एकाच जागी धरलेली काच रस्त्यावर थरथरते आणि मागची एक मोटार तीन दिसते. साहेबांना सीटवर बसवलं. स्वतः मागे उभा राहिलो. आरशात डब्याची कड बोटभर दिसली पाहिजे आणि बाकी सगळा रस्ता, एवढंच त्यातलं शास्त्र आहे. दहा मिनिटांत जुळलं. मग म्हणालो, चला, धानोरीकडच्या मैदानावर फिरवून बघू.

मैदानावर साहेबांनी गाडी झकास चालवली. गोल गोल, सारख्या वेगानं, वळणं बघण्यासारखी. मी म्हणालो, आता थांबवा आणि मागे घ्या, त्या झाडापर्यंत. ते म्हणाले, आधी आणखी एक फेरी मारू. मारली. परत सांगितलं, परत एक फेरी. अशा सात-आठ फेऱ्या झाल्या. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ थांबवून बघायला लागली. मग मी हात घालून चावी काढली.

साहेबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते, ओले. ते म्हणाले की सबंध नोकरीत त्यांनी गाडी कधी मागे घेतलेली नाही. सरकारी जीप, ड्रायव्हर होता. मागे घ्यायची वेळ आली की साहेब उतरून बाजूला उभे राहायचे. स्वतःची गाडी घेतल्यावर ते फ्लॅटच्या पार्किंगमध्ये रोज शेवटच्या टोकापर्यंत जाऊन वळून यायचे. आता मागे डबा. डबा मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं हे त्यांनी पुस्तकात वाचलं होतं आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. "पवारजी, आरसा चांगला मिळाला म्हणजे जमेल असं वाटत होतं. आता चांगला मिळाला ना. दिसतं सगळं. तरी हात चालत नाही."

मी बोलायला गोड माणूस नाही. म्हणालो, "साहेब, माझ्या ट्रकला दोन्ही बाजूंना हातभर आरसे होते. मला डबल ट्रेलर मागे घेता यायचा. शांता दरवर्षी म्हणायची मला एकदा शेजारी बसवून न्या, आणि मी म्हणायचो बायकांना ट्रकमध्ये बसायला त्रास होतो. तिला त्रास झालाच नसता. मलाच लाज वाटायची, क्लीनर काय म्हणेल म्हणून. आता मला सांगा, गाडी मागे घेता येऊन मी काय मिळवलं?"

 साहेबांनी विचारलं, मागे घ्यायलाच लागू नये असा रस्ता असतो का.

असतो. ट्रकवाल्याला माहीत असतो. त्यासाठी आम्ही दोघं चार दिवस त्यांच्या टेबलाशी बसलो. दोन फाटकांचे धाबे, एकीकडून घुसून दुसरीकडून निघता येतं असे पंप, ट्रक सबंध वळेल अशी आवारं. पुण्यापासून भंडाऱ्यापर्यंतची सगळी मी सांगितली आणि त्यांनी सुंदर अक्षरात लिहिली. जिथं मला खात्री नव्हती तिथं मी जुन्या ड्रायव्हर लोकांना फोन केले. एकानं विचारलं, काय न्यायचंय, पंखा का? पवनचक्कीचा पंखा म्हणजे, तो फार लांब असतो, त्याला असाच रस्ता शोधावा लागतो. मी म्हणालो नाही, एका साहेबाची बायको न्यायची आहे.

आरसे आत वळवून डबा फाटकातून निघाला तेव्हा गॅलरीतल्या काकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या मुक्कामापर्यंत बरोबर गेलो, मागच्या सीटवर. शिक्रापूरच्या पुढं माझ्या ओळखीचा धाबा आहे, दोन फाटकांचा, मागे चिंचेची झाडं. सगळ्या वाटेत साहेब ताठ बसून होते आणि प्रत्येक आरशाकडे आळीपाळीनं बघत होते. वहिनी म्हणाल्या, पुढं पण बघत जा अधूनमधून.

तिथून पुढं ते दोघं दीड महिना हिंडले. भंडाऱ्यापर्यंत गेले, एकदाही गाडी मागे न घेता. एका गावात चुकून बोळात शिरले तेव्हा पंधरा माणसांनी डबा सोडवून हातानं ढकलत मागे नेला आणि गाडीही ढकलली, साहेब उतरून बाजूला उभे होते. हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. भंडाऱ्यालाच साहेबांना ताप भरला. चार दिवसांत गेले. डबा अजून तिकडेच त्यांच्या पुतण्याच्या अंगणात आहे आणि वहिनी त्यातच राहतात. इकडे यायला तयार नाहीत.

म्हणून माझ्या डोळ्यांपुढं साहेब आहेत ते त्या पहिल्या मुक्कामाच्या सकाळचे. मी धाब्याच्या खाटेवर झोपलो होतो. उठून बघतो तर वहिनी पायऱ्या उतरून चिंचेखाली खुर्चीवर बसलेल्या, अंगावर शाल. साहेब समोर उभे, हात मागे बांधून. मी माझी पिशवी घेतली, निरोप घ्यायला गेलो, तर त्यांचं बोलणं चाललेलं म्हणून थांबलो.

वहिनींनी विचारलं, "कॅम्प असाच असायचा?"

साहेब म्हणाले, थोडाफार.

"सकाळी पाणी कोण तापवायचं?"

"शिपाई."

"चहा?"

"तोच करायचा."

"अंथरूण घडी घालायला?"

"दुसरा शिपाई होता."

वहिनींनी शाल नीट केली.  मग म्हणाल्या, "चांगलं आहे. बोलवा शिपायाला."

साहेब बघत राहिले. त्यांच्या तोंडावरून वाटलं, आता म्हणतील प्रक्रिया आहे. पण त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, एक एक घडी सारखी करत कोपरापर्यंत, आणि डब्याखालची बादली काढली. वहिनींसमोर येऊन टाचा जुळवल्या.

"जी, बाईसाहेब," म्हणाले.

एसटी आली म्हणून मी पळालो. खिडकीतून बघितलं तर ते धाब्याच्या हौदाकडून परत येत होते. बादली काठोकाठ भरलेली, दोन्ही हातांनी धरलेली, आणि पाणी सांडू नये म्हणून हे एवढे मोठे साहेब पाय न उचलता, घसटत घसटत, एकेक पाऊल टाकत चालले होते. वहिनी तिकडून काहीतरी ओरडून सांगत होत्या. बहुतेक लवकर या म्हणून.